‘मला तसं वाटलं’ आणि पोलिसांची नोंदवही

आजचा विषय आहे पोलीस आणि बोलणं. जरा नेमकं सांगतो : एखाद्याच्या बोलण्यामागे पूर्वग्रह आहे, द्वेष आहे, असं दुसऱ्या कुणाला वाटलं तर पोलिसांनी काय करायचं? ऐकून घ्यायचं? वहीत लिहायचं? त्या माणसाच्या दारात जायचं? की थेट उचलून न्यायचं? या चार पायऱ्या वेगवेगळ्या आहेत आणि आपल्या चर्चेत त्या फार पटकन एक होऊन जातात.

उदाहरण म्हणून आम्ही इंग्लंड घेतलं आहे. काही जण म्हणतील, घरचं सोडून लांब कशाला? तर दोन कारणं. या प्रश्नाची तिथे गेली पंचवीस वर्षं न्यायालयात भरपूर घुसळण झाली आहे. आणि दुसरं, आपल्याकडच्या एका रद्द झालेल्या कलमाची मुळं तिथल्याच कायद्यात होती. तिथे आपण शेवटाकडे येऊ.

सुरुवात कायद्यापासून. १९८६ चा सार्वजनिक सुव्यवस्था कायदा, इंग्रजीत पब्लिक ऑर्डर ॲक्ट. त्यात दंगलीपासून किरकोळ आरडाओरड्यापर्यंत गुन्ह्यांची उतरंड आहे आणि तळाशी आहे कलम ५. धमकीचे, शिवीगाळीचे किंवा अपमानकारक शब्द वापरले, आणि ते ऐकून कुणाला त्रास, धास्ती किंवा मनस्ताप होण्याची शक्यता असली, तर गुन्हा. होण्याची शक्यता, बरं का. प्रत्यक्ष मनस्ताप झालेला माणूस न्यायालयात आणून उभा करायची गरज नाही. शिक्षा फक्त दंड, तुरुंग नाही. म्हणजे कागदावर अगदी लहान गुन्हा.

पण लहान गुन्ह्यांची एक गंमत असते. मोठ्या गुन्ह्याला पुरावा लागतो, तपास लागतो, वरिष्ठांची परवानगी लागते. लहान गुन्ह्याला रस्त्यावरच्या शिपायाचं मत पुरतं. सुरुवातीला कलम ५ मध्ये एक चांगली अट होती : शिपायाने आधी ताकीद द्यायची, आणि माणूस तरीही थांबला नाही तरच अटक. ही अट २००५ च्या कायद्याने गेली आणि अटकेचा सर्वसाधारण अधिकार तिथेही लागू झाला. ही दुरुस्ती झाली तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही. आमच्या मते ती महत्त्वाची होती. ताकीद म्हणजे माणसाला दिलेली एक संधी असते, आणि पोलिसालाही थोडा विचार करायला दिलेला वेळ असतो.

आता या कलमाखाली काय काय झालं बघा. २००५ मध्ये ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याने घोडेस्वार पोलिसाला विचारलं, तुमचा घोडा समलिंगी आहे हे तुम्हाला माहीत आहे का? पोरटेपणा, दुसरं काही नाही. त्याला अटक झाली, ८० पौंडांचा दंड सांगितला गेला, त्याने भरला नाही, आणि शेवटी सरकारी वकिलांनी प्रकरण सोडून दिलं. २००८ मध्ये लंडनमध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या एका मुलाने सायंटॉलॉजीच्या इमारतीसमोर फलक धरला. फलकावर त्या संस्थेला ‘कल्ट’ म्हटलं होतं, म्हणजे साधारण बुवाबाजीचा पंथ. त्याला समन्स मिळालं. तिथेही सरकारी वकिलांनी नकार दिला.

दोन्ही प्रकरणांत शेवट बरा झाला ना, मग बिघडलं काय? असं विचारलं जातं. बिघडलं असं की निर्दोष सुटण्याआधीच जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आपल्याकडे म्हणतातच की, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ज्याच्याकडे वेळ नाही, पैसा नाही, तो ८० पौंड भरून मोकळा होतो आणि पुढच्या वेळी तोंड बंद ठेवतो. तो आपल्याला कुठल्याच निकालपत्रात दिसत नाही.

पुढे मोहीम झाली. तीत मिस्टर बीनचं काम करणारे रोवन ॲटकिन्सन होते, धर्मवादी संघटना होत्या आणि निधर्मीवादीही होते. एरवी ही मंडळी एका बाकावर बसणार नाहीत. ‘अपमानकारक’ हा शब्द कलम ५ मधून काढला गेला आणि १ फेब्रुवारी २०१४ पासून तो बदल लागू झाला. शिवीगाळ आणि धमकी राहिली, अपमान गेला. मात्र याच कायद्याच्या कलम ४ आणि ४अ मध्ये तो शब्द अजून आहे. त्यामुळे दार पुरतं बंद झालं असं समजू नका.

हा झाला एक धागा. दुसरा धागा सांगताना आवाज थोडा खाली आणावा लागतो.

२२ एप्रिल १९९३. लंडनच्या एल्थम भागात स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा बसची वाट बघत होता. गोऱ्या तरुणांच्या टोळक्याने त्याला भोसकून मारलं. पोलिसांना सुरुवातीच्या दिवसांतच संशयितांची नावं कळली होती. तरी अटका लांबल्या, पुरावे हातचे गेले. स्टीफनबरोबर जो मित्र होता, त्याच्याशी साक्षीदार म्हणून नव्हे तर संशयित असल्यासारखं वागलं गेलं. आईवडिलांनी वर्षानुवर्षं झगडा दिला. दोघांना शिक्षा झाली ती २०१२ साली. एकोणीस वर्षांनी.

या तपासाची चौकशी सर विल्यम मॅकफर्सन यांच्याकडे होती. फेब्रुवारी १९९९ मध्ये अहवाल आला आणि त्याने लंडनच्या पोलिसदलात संस्थात्मक वंशवाद आहे असं लिहिलं. त्या अहवालातच आपल्या आजच्या विषयाची कळ आहे. त्यात वंशवादी घटनेची व्याख्या दिली : पीडिताला किंवा अन्य कुणालाही जी घटना वंशवादी वाटते, ती वंशवादी घटना. आणि असंही म्हटलं, की अशा घटना गुन्हा असोत वा नसोत, सारख्याच गांभीर्याने नोंदवायच्या आणि तपासायच्या.

‘वाटते’ हा शब्द तिथे का आला, हे नीट समजून घ्यायला हवं, नाहीतर आपण त्याची टवाळी करून मोकळे होऊ. पोलीस चौकीत गेलेला माणूस सांगतो, मला माझ्या कातडीच्या रंगावरून मारलं. समोरचा हवालदार म्हणतो, छे हो, साधं भांडण आहे. ‘वंशवादी होतं की नाही’ हे ठरवायचा अधिकार हवालदाराकडे असेल तर नोंदच होत नाही. मॅकफर्सन यांनी तो अधिकार टेबलाच्या अलीकडच्या बाजूला आणून दिला. ज्यांना आपल्याकडे ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवून घ्यायला किती खेटे घालावे लागतात हे माहीत आहे, त्यांना या व्याख्येमागचं दुखणं वेगळं समजावून सांगायला नको.

पण ही व्याख्या दार उघडण्यासाठी होती. तक्रार आत यावी, इतकंच. आत आल्यावर काय खरं ते तपासायचं होतं. पुढच्या वर्षांत झालं असं की दाराशी लावलेली पाटी आतल्या खोलीत नेऊन टांगली गेली. वंशाबरोबर धर्म, लैंगिक कल, अपंगत्व, लिंगांतरित ओळख ही कारणं जोडली गेली. त्यात गैर काही नाही. मात्र २०१४ च्या पोलीस महाविद्यालयाच्या मार्गदर्शिकेत असं ठरलं की गुन्हा नसलेल्या घटनेतही तक्रारदाराला द्वेष जाणवला तर नोंद करायची, द्वेषाचा पुरावा असो वा नसो. या नोंदींना ‘गुन्हा नसलेली द्वेषमूलक घटना’ असं लांबलचक नाव आहे.

इथे एक घोटाळा होऊ शकतो. आपल्याकडे पोलीस ठाण्यात ‘एनसी’ नोंदवतात, म्हणजे अदखलपात्र. ही नोंद तशी नव्हे. एनसीत गुन्हा असतो, फक्त पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. इंग्लंडच्या या नोंदीत गुन्हाच नसतो. कायद्याने जे करायची मुभा आहे तेच तुम्ही केलं, आणि तरी तुमचं नाव पोलिसांच्या संगणकात. वर काही नोकऱ्यांसाठी, विशेषतः मुलांबरोबर किंवा आजाऱ्यांबरोबर काम असेल तर, जी सखोल चारित्र्य पडताळणी होते, तीत ही नोंद पोलिसांच्या विवेकानुसार बाहेर येऊ शकत होती. एका वृत्तपत्राने माहितीच्या अधिकारात मिळवलेल्या आकड्यांप्रमाणे २०१४ ते २०१९ या काळात ३४ पोलिसदलांनी मिळून १ लाख १९ हजारांहून अधिक अशा नोंदी केल्या.

मग आलं हॅरी मिलर यांचं प्रकरण. हे गृहस्थ लिंकनशायरचे, पूर्वी स्वतः पोलिसात होते. लिंगबदलाच्या कायद्यात सुधारणा करायच्या प्रस्तावावर त्यांनी २०१८-१९ च्या हिवाळ्यात ट्विटरवर तीसेक टोमणेवजा मजकूर टाकले. काही मुद्द्याचे, काही सरळ खवचट. ज्यांना ते वाचून वाईट वाटलं त्यांचं वाईट वाटणं खोटं होतं असं आम्ही म्हणणार नाही. एका व्यक्तीने तक्रार केली. हंबरसाइड पोलिसांचा अधिकारी मिलर यांच्या कामाच्या ठिकाणी गेला आणि नंतर फोनवर बोलला. गुन्हा घडलेला नाही हे त्यानेच मान्य केलं. पण प्रकरण वाढलं तर गुन्हा होऊ शकतो, असंही सुचवलं. तक्रारदाराची नोंद झाली ‘पीडित’ म्हणून.

कामाच्या ठिकाणी, हे लक्षात घ्या. पोलीस कुणाच्या कचेरीत आले की शेजारच्या टेबलावर काय कुजबुज होते ते सांगायला कायदेपंडित लागत नाही.

१४ फेब्रुवारी २०२० रोजी उच्च न्यायालयाचे न्या. ज्युलियन नोल्स यांनी निकाल दिला की पोलिसांचं हे वागणं अभिव्यक्तीस्वातंत्र्यात बेकायदेशीर हस्तक्षेप होता. कायदेशीर मतं मांडणाऱ्या माणसाकडे पोलीस जाणं ही किरकोळ बाब नव्हे, असं सांगताना त्यांनी गेस्टापो आणि श्टाझी यांची आठवण काढली. आपल्या देशात तसलं काही कधी नव्हतं, या अर्थाने. आम्हाला ही तुलना थोडी जास्त वाटते. एक नम्र पोलीस आणि गुप्त पोलिसांची राजवट यांत फार अंतर आहे, आणि इतकी मोठी उपमा वापरली की विरोधक उपमेवरच बोलत बसतात. पण निकालाचा गाभा पक्का आहे. त्या न्यायालयाने मार्गदर्शिका मात्र वैध ठरवली होती. डिसेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तीही पुरेशा सुरक्षा-अटींशिवाय चालणार नाही असं ठरवलं. नुसत्या तक्रारदाराच्या जाणिवेवर नोंद होत असेल तर लोक गप्प बसतील, आणि हे गप्प बसणं म्हणजेच हस्तक्षेप, असा तो तर्क. त्यानंतर २०२२ च्या कायद्याने आचारसंहिता आणायची तरतूद केली, आणि २०२३ च्या संहितेनुसार क्षुल्लक किंवा खोडसाळ तक्रारी नोंदवायच्या नाहीत. माणसाचं नाव लिहायचं ते इजेचा किंवा पुढच्या गुन्ह्याचा खरा धोका असला तरच.

आता दोन्ही धागे एकत्र कुठे येतात ते बघू. इंग्लंडमध्ये १९९८ च्या कायद्याने अशी सोय केली की कलम ४अ किंवा ५ चा गुन्हा वांशिक द्वेषातून घडला तर शिक्षा वाढते. २००१ मध्ये धर्मही जोडला गेला. कलम ४अ ला सहा महिन्यांऐवजी दोन वर्षांपर्यंत. गृहखात्याच्या आकडेवारीत द्वेषमूलक गुन्ह्यांपैकी निम्म्याच्या आसपास गुन्हे याच सार्वजनिक सुव्यवस्थेच्या घरातले असतात. पण इथे ‘वाटलं’ चालत नाही. आरोपीने वैर दाखवलं, किंवा वैर हाच त्याचा हेतू होता, हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं. म्हणजे नोंदवहीत एक कसोटी, न्यायालयात दुसरी. पोलीस या दोघांच्या मधोमध उभा. त्याला पहिल्या कसोटीची सवय लागली की दुसरीचा विसर पडतो.

१३ फेब्रुवारी २०२५ ला लंडनमध्ये तुर्कस्तानच्या वकिलातीसमोर एका माणसाने कुराणाची प्रत जाळली. तुर्की सरकारच्या धार्मिक राजकारणाचा निषेध, असं त्याचं म्हणणं. एकजण चाकू घेऊन त्याच्या अंगावर धावला. जूनमध्ये खालच्या न्यायालयाने जाळणाऱ्याला कलम ५ च्या धर्मद्वेषाने वाढलेल्या गुन्ह्याखाली दोषी ठरवून २४० पौंड दंड केला. आणि त्याचं वर्तन बेशिस्त होतं याचा दाखला काय दिला? तर त्याच्यावर हल्ला झाला, हा!

क्षणभर थांबून यावर विचार करा. मी बोललो, तुम्ही मला मारलं, म्हणून माझं बोलणं बेकायदा. मग ज्याला कुणाचं तोंड बंद करायचं आहे त्याने काय करावं? हात उगारावा.

गंमत म्हणजे इंग्लंडच्या न्यायालयांनी हा पेच फार पूर्वी सोडवला होता. १८८२ मध्ये वेस्टन-सुपर-मेअर गावात मुक्तिफौजेची मिरवणूक निघायची आणि विरोधकांची टोळी येऊन मारामारी करायची. मिरवणूकवाल्यांना पकडलं गेलं. न्यायालयाने सांगितलं, दुसरा बेकायदा वागेल म्हणून कायदेशीर वागणाऱ्याला दोषी धरता येणार नाही. आणि १९९९ मध्ये, मॅकफर्सन अहवालाच्याच वर्षी, वेकफिल्डच्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर प्रवचन करणाऱ्या तीन ख्रिस्ती बायकांचं प्रकरण आलं. जमाव चिडला होता, पोलिसाने त्यांना थांबा म्हटलं, त्या थांबल्या नाहीत, अटक झाली. न्या. सेडली यांनी दोषसिद्धी रद्द केली. त्यांचं म्हणणं असं : स्वातंत्र्यात त्रासदायक, विक्षिप्त, पाखंडी, नकोसं वाटणारं बोलणंही येतं, जोवर ते हिंसेला चिथावत नाही. कुणालाच न बोचणारं तेवढं बोलायची मुभा असेल तर त्या मुभेला काही किंमत नाही. धोका जमावाकडून असेल तर पोलिसाने जमावाकडे वळायचं.

कुराण जाळल्याचं अपील ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्य झालं. ईश्वरनिंदा हा गुन्हा इंग्लंडमध्ये २००८ सालीच गेला, आणि लोकांना धक्का देणारी, दुखावणारी अभिव्यक्तीही संरक्षित असू शकते, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ग्रंथ जाळणं आम्हाला पटतं का? मुळीच नाही. पण इथे प्रश्न आपल्या पसंतीचा नाही.

आता घरी येऊ. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली आणि पालघरच्या एका तरुणीने त्यावर फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने फक्त ‘लाइक’ केलं. दोघींना अटक झाली. नातेवाइकाच्या दवाखान्यावर जमाव चालून गेला तो वेगळाच. पुढे सरकारने दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केलं आणि खटला बंद झाला. लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ होतं : अत्यंत आक्षेपार्ह किंवा चीड आणणारा मजकूर, तीन वर्षांपर्यंत कैद. हे शब्द आले कुठून? ब्रिटनच्या टपाल आणि दूरसंचार कायद्यांतून. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात ६६अ रद्द केलं तेव्हा ही वंशावळ निकालात मांडली. दोन इंग्लिश खटलेही दाखवले, ज्यांत जवळपास त्याच शब्दांवर खालचं आणि वरचं न्यायालय उलटसुलट निष्कर्षांना आलं होतं. शिकलेल्या न्यायाधीशांचं ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय यावर एकमत नाही, मग रात्रपाळीच्या फौजदाराने काय करायचं?

आणि ‘कुणाला वाटलं’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे, तेही नागपुरात, फार पूर्वी दिलेलं आहे. १९४६ च्या सुमारास नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. व्हिव्हियन बोस यांनी कसोटी घातली : शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या नजरेतून मोजायचा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात संकट दिसतं अशा डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेतून नाही. ‘तमस’ मालिकेच्या वेळी हीच कसोटी वापरली गेली. मार्च २०२५ मध्ये एका खासदाराने समाजमाध्यमावर टाकलेल्या कवितेवरून जामनगरला गुन्हा दाखल झाला होता, तो रद्द करताना न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने पुन्हा याच कसोटीचा आधार घेतला. त्यांनी अजून एक व्यवहाराची गोष्ट सांगितली. बोलण्या-लिहिण्याच्या ज्या गुन्ह्यांना तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा आहे, तिथे नव्या संहितेच्या १७३(३) कलमाप्रमाणे आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, आणि पोलिसांनी ती साधारणपणे करावी. इंग्लंडने २००५ ला काढून टाकलेला तो थोडा विचाराचा वेळ आपल्याला इथे वेगळ्या रूपात मिळतो.

एक फरक मात्र मोठा. इंग्लंडमध्ये वांशिक द्वेष चेतवण्याच्या गुन्ह्याला ॲटर्नी जनरलची संमती लागते. आपल्याकडे समाजांत वैर पसरवण्याच्या कलमालाही सरकारची मंजुरी लागते, पण ती न्यायालयाने दखल घेण्यासाठी. एफआयआर आणि अटक त्याआधी होऊ शकते. म्हणजे कुलूप आहे, पण दुसऱ्या दाराला.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला होता : मग असल्या नोंदी ठेवूच नयेत का? आमचं उत्तर, सरसकट नाही असं नाही. एखाद्या घराच्या दारात आठवड्यातून तीनदा घाण टाकली जाते, भिंतीवर शिवी लिहिली जाते, तेव्हा प्रत्येक प्रकार सुटा पाहिला तर क्षुल्लकच असतो. एकत्र पाहिला तर पुढच्या हल्ल्याची चाहूल असते, आणि ती लिहून ठेवली नाही तर पुन्हा आपण १९९३ च्या एल्थमला पोचतो. पण त्यासाठी ठिकाण, तारीख, प्रकार लिहिणं पुरतं. कायदेशीर मत मांडणाऱ्याचं नाव कशाला? आणि त्याच्या कचेरीत गणवेश कशाला?

लंडनच्या महानगर पोलिसांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की गुन्हा नसलेल्या द्वेषमूलक घटनांचा तपास यापुढे ते करणार नाहीत. शिपायांनी वादविवादांत पंच व्हावं अशी अपेक्षा नको, हे कारण. वर्तमानपत्रांनी त्यावर ‘प्रकार बंद’ असे मथळे दिले. निवेदन मात्र पूर्ण वाचायला हवं : तपास थांबेल, माहिती म्हणून नोंद चालूच राहील.